सतरंजी वाटलेला खड्डा

मी काळा रंग करते असं सांगितलं की लोकांना वाटतं मी फाटकांना आणि खिडक्यांच्या ग्रिलला रंग देते. सुरुवातीला मी समजावून सांगायची. आता सांगत नाही. पण हे लिहायचं तर थोडं सांगावंच लागेल, नाहीतर पुढं जे झालं त्यात चूक कुणाची ते कळायचं नाही. आणि ते कळावं म्हणूनच मी लिहायला बसले आहे.

साजगावच्या एका लहानशा कारखान्यात मी आठ वर्षं होते. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, लग्नानंतर काही वर्षं घरी बसले, मग खालापूरकडच्या आमच्या गावातून रोज स्कूटीवर तिकडं जायला लागले. कारखाना म्हणजे दोन शेड आणि एक काचेची खोली. आम्ही केलेला रंग यंत्रांच्या पोटात जायचा. दुर्बिणीच्या नळीत, कॅमेऱ्याच्या आत, उजेड मोजणाऱ्या उपकरणांत. अशा ठिकाणी आतल्या भिंतीवरून उजेड उसळला तर यंत्र चुकीचं बघतं, म्हणून तिथं उजेड गिळून टाकणारा काळा लागतो. बाजारातला काळा रंग कितीही काळा दिसला तरी थोडा उजेड परत देतोच. आमचा रंग सच्छिद्र कार्बनचा. नारळाच्या करवंटीचा कोळसा अशा तऱ्हेनं तापवतात की त्याच्या कणाकणाला भोकं पडतात, डोळ्यांना न दिसणारी. उजेड त्या भोकांत शिरतो, आतल्या आत आपटत राहतो आणि तिथंच जिरतो.

ही पावडर भिंतीला धरून राहावी म्हणून तिच्यात डिंकासारखा एक पदार्थ घालतात. तो जास्त झाला तर भोकं बुजतात आणि रंग चकाकतो. कमी घातला तर रंग खोल काळा होतो, पण इतका नाजूक की बोट लागलं तरी तिथली भोकं दबतात आणि बोटाचा ठसा उमटतो. तो पुसता येत नाही. तेवढा भाग पुन्हा फवारावा लागतो. हे प्रमाण ठरवणं माझं काम होतं. माझा हात त्यात चांगला बसला होता, हे मी सांगायला लाजत नाही.

आणखी एक गोष्ट. या रंगानं वस्तूचा आकार नाहीसा होतो. आमचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, पाहुणे आले की ॲल्युमिनियमचा एक चुरगाळलेला कागद दाखवायचे. अर्धा तसाच चंदेरी, अर्धा आमच्या रंगाचा. चंदेरी भागावर सगळ्या सुरकुत्या दिसायच्या आणि काळ्या भागावर एकही नाही. बघणाऱ्याला वाटायचं, कागदाला भोकच पडलंय. पाहुणे खूश व्हायचे. मीही कितीदा त्यांच्या मागं उभी राहून हसले आहे.

तीन वर्षांपूर्वी साहेबांनी एका बंगल्याचं काम घेतलं. कर्जतच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला असे बंगले आता जागोजाग झाले आहेत. शनिवार-रविवारी गाड्या येतात, एरवी माळी आणि राखणदार. या बंगल्याच्या मालकीणबाई स्वतः घरांची सजावट करणाऱ्या. त्यांना ध्यानासाठी एक खोली करायची होती. करड्या दगडाची फरशी, पांढऱ्या भिंती आणि बरोबर मधोमध एक चौकोनी खड्डा, कमरेएवढा खोल. आतून चारी बाजू आणि तळ आमच्या रंगाचा. खड्ड्यात कुणी उतरायचं नाही. भोवती आसनं टाकून बसायचं आणि त्यात बघत राहायचं.

"शून्यासमोर बसल्यासारखं वाटलं पाहिजे," असं त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, ते वाटेल. पण वरून बघणाऱ्याला तो खड्डा वाटणारच नाही. जमिनीवर काळं काहीतरी अंथरलंय असं दिसेल. कडेनं कठडा करा. निदान पितळेची उभी पट्टी तरी लावा."

"कठडा लावला तर मग शून्य कुठं राहिलं?"

"मग खोलीला कुलूप ठेवा. माहीत नसलेला माणूस आत जाता कामा नये."

त्या हसल्या. वाईट हसल्या असं नाही. माझी काळजी त्यांना गोड वाटली असावी. परतताना गाडीत साहेब म्हणाले, "ताई, आपलं काम रंगाचं. कठड्याचं नाही. इतकी वर्षं आपण यंत्रांच्या पोटात काम केलं, कुणाला दिसलं नाही. आता चार लोकांच्या डोळ्यांसमोर येतोय, तर त्यात मोडता घालू नका."

काम मीच केलं. फवारणारा एक कारागीर सोबत होता, पण मिश्रण माझं आणि देखरेख माझी. शेवटचा थर वाळला तेव्हा मी दारात उभी राहून बघितलं. खड्डा गेला होता. फरशीवर एक काळा चौकोन होता, कुणी सतरंजी अंथरून ठेवावी तसा. खरं सांगते, मला आनंद झाला. इतका खोल काळा मला त्याआधी कधी साधला नव्हता.

काम पुरं झालं की मी वहीत तीन प्रतींत कागद करायची. एक गिऱ्हाइकाला, एक ऑफिसला, एक वहीत. त्यावर मी शेवटची ओळ लिहिली: कडेला कठडा किंवा ठळक पट्टी लावल्याशिवाय खोली वापरू नये. मॅडम तेव्हा मुंबईला होत्या, म्हणून त्यांची प्रत मी साहेबांकडं दिली.

पुढं महिनाभरानं, सकाळी दहाच्या सुमाराला, साहेबांनी मला बोलावलं.

"बंगल्यावर जाऊन या. रंगाला डाग पडलेत. शनिवारी त्यांच्याकडं माणसं येणार आहेत, त्याच्या आत झालं पाहिजे."

डाग पडलेत. मला कळवलं गेलं ते एवढंच. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

कारागिराला आणि सामानाला घेऊन मी टेंपोनं गेले. खोलीत मोठा दिवा लावून खड्ड्याच्या कडेला बसले आणि आत वाकून बघितलं. समोरच्या भिंतीवर पंजा होता. पाच बोटं, नीट, चकाकणारी. तिथून खाली एक लांब ओरखडा, मग तळावर कोपराचा डाग आणि त्याच्या शेजारी बारीक बारीक रेघा, बांगड्या घासल्यावर पडतात तशा. काचेच्या बांगडीचे तुकडेही होते. कुणीतरी झाडून कोपऱ्यात लोटले होते, उचलले नव्हते.

राखणदार दारात उभा होता. मी त्याला विचारलं, "दादा, कोण पडलं यात?"

त्यानं आधी मागं अंगणाकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "वाडीवरची मावशी. बागेत काम करते ना, ती. आतली बाई त्या दिवशी आली नाय, मॅडमचा फोन आला का खोली झाडून ठेवा, म्हनून मीच तिला पाठवली. ती या खोलीत कदी आली नव्हती."

"मग?"

"हात मोडला. डोक्याला पन लागलंय. तिच्या सुनंनं आनि मी रिक्षात घालून कर्जतला नेली."

"कधीची गोष्ट?"

"परवाची."

परवा. म्हणजे दोन दिवस बंगल्यातून आमच्याकडं फोन चालले होते ते डागांबद्दल.

मॅडम मुंबईहून आल्याच होत्या. मी बाहेर गेले आणि विचारलं, "मावशी आता कशा आहेत?"

"बरी आहे म्हणे. तुमचं काम किती वेळ चालेल?"

"मॅडम, मी पट्टीबद्दल बोलले होते."

तेव्हा त्यांनी ते वाक्य उच्चारलं. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. "पट्टी असती तरी पडली असती. या वाडीवरच्या लोकांचं तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही इथल्याच. सकाळपासून घेतलेली असते."

तुम्ही इथल्याच. आणि मी खरंच इथली आहे. आमच्या गावात शेती असलेल्या घरांतून वाडीवरच्या माणसांबद्दल हेच बोललेलं मी लहानपणापासून ऐकलं आहे. भातलावणीला त्यांनाच बोलवायचं, आणि पाठ वळली की हेच बोलायचं. माझ्या घरातही. मी कधी कुणाला अडवलं नव्हतं. त्या दिवशी तेच वाक्य परक्या बाईच्या तोंडून, इतक्या सहज, माझ्याच साक्षीनं आलं आणि माझी कानशिलं तापली.

मी म्हटलं, "मॅडम, जरा या. दारात उभ्या राहा आणि मला सांगा, कड कुठं आहे ते."

"मला माहीत आहे कड कुठं आहे. मीच काढलीय ती."

"माहीत आहे ते नाही विचारत. दिसते का ते विचारते."

त्या दारापर्यंत आल्या. आत बघितलं. दाराच्या चौकटीला हात धरून तिथंच थांबल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही रंग द्यायला आला आहात."

मी कारागिराला सामान टेंपोत भरायला सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "भर रं. पट्टी लागल्याशिवाय मी यात फवारणार नाही." वाटेत साहेबांचे चार फोन आले. मी एकही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी मावशींना बघायला गेले. वाडी डोंगराच्या उतारावर आहे. गाडी खाली ठेवून चढून जावं लागतं. मावशी ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. वय साठीच्या आसपास. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, भुवईवर टाके. मी कोण ते सांगितलं. सांगताना, तो रंग मीच दिलेला आहे, हे वाक्य मी दोनदा गिळलं आणि तिसऱ्यांदा बोलले.

त्या माझ्या हातांकडं बघू लागल्या. "तू दिला तो रंग?"

"हो मावशी."

"चांगला दिला. मला वाटलं सतरंजी हाथरलीय. तिच्यावर एक सुकं पान पडलेलं. म्हनलं उचलावं, म्हनून पाय ठेवला." त्यांनी डावा हात उचलून खाली सोडला. "खाली काय नायच गं बाय. जिना उतरताना पायरी चुकते ना, तसं झालं. पन ही पायरी संपंनाच."

सुनेनं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, बंगल्यावरून कुणी आलं होतं का. सून म्हणाली, राखणदार दोनदा येऊन गेला, बाकी कुणी नाही. मग मावशी एकदम पुढं सरकल्या.

"मी पिऊन पडले असं बोलतात ना गं तिकडं?"

मला खोटं बोलता आलं नाही.

"मी जलमात कदी थेंब घेतला नाय. माजा नवरा त्याच्यापायी गेला. घरात बाटली येऊ देत नाय मी. हात मोडला, तो बसंल. पन ह्ये काय बोलनं झालं?"

आवाज चढला नव्हता, तरी ओटीवर खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला लागली. मी तिथून उतरताना ठरवलं की यात आता मागं फिरायचं नाही.

सुट्टीनंतर कामावर गेले तर टेबलावर टाइप केलेला कागद ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की रंगकाम करणाऱ्यांनी सर्व सूचना बंगल्यात तोंडी समजावून दिल्या होत्या, खोली सुरक्षित होती आणि संबंधित कामगार स्त्री नशेत असल्यानं तोल जाऊन पडली. खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

मी तो घेऊन साहेबांकडं गेले. "साहेब, मी तिथं नव्हते. ती नशेत होती हे मी कशावरून लिहू?"

"बंगल्यातून तसंच आलंय. आपण फक्त सही करायची."

"आणि तोंडी सूचना? मी लेखी दिली होती. तुमच्याकडं प्रत दिली."

ते खिडकीकडं बघू लागले. "ती ओळ मी काढली होती. नवीन कागद करून पाठवला. गिऱ्हाइकाला असं धमकावल्यासारखं लिहितं का कुणी?"

आठ वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. माणूस वाईट नव्हता. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात त्यांनी स्वतः गाडी पाठवली होती. म्हणूनच मला जास्त चीड आली. वाईट माणसानं असं केलं असतं तर मी निदान तयारीत असते. मी म्हटलं, "साहेब, ती ओळ राहिली असती तर त्या बाईचा हात शाबूत असता."

"कशावरून? त्यांनी पट्टी लावलीच असती कशावरून?"

"लावली नसती तर चूक त्यांची झाली असती. आता ती आपलीही आहे."

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. मी तो उलटा करून ठेवला आणि बाहेर आले. त्या आठवड्यात मला मिश्रणावरून काढून पॅकिंगला बसवलं. खड्ड्यातला पंजा दुसऱ्या कुणीतरी फवारून घालवला. शनिवारी माणसं आली असतील, शून्यासमोर बसली असतील.

पण माझ्या वहीतली प्रत माझ्याकडं होती. कार्बन कागदावरची, निळसर, माझ्या अक्षरातली, त्या शेवटच्या ओळीसकट. मी तिचा फोटो काढला, झेरॉक्स केली आणि मूळ प्रत घेऊन मावशींच्या सुनेबरोबर कर्जतला एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "तुमची नोकरी जाईल हे कळतंय ना?" मी म्हटलं, पॅकिंगचीच आहे. घरी मात्र मी त्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला. "वाडीवरच्या बाईसाठी?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हो. तिच्यासाठीच." त्यानं पुन्हा जेवायला घेतलं. दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता.

मावशींच्या वतीनं बंगल्याला नोटीस गेली. पंधरा दिवसांत मला घरी बसवलं. कारण दिलं, काम कमी झालंय. बंगल्याकडून आधी नुसती टोलवाटोलवी झाली. मग ती प्रत त्यांच्या वकिलानं बघितली आणि सूर बदलला. दवाखान्याचा सगळा खर्च आणि हात बरा होईपर्यंतची मजुरी द्यायची, प्रकरण तिथंच मिटवायचं, असं ठरलं. मला ते कमी वाटलं. वकीलबाईंनाही वाटलं. सून म्हणाली, "ताई, आमाला तारखांना जाता येत नाय. रोजचा रोज बुडतो."

सही करायला आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात जमलो. मी, मावशी, सून आणि समोरचा वकील, तरुण, घाईत असलेला. मॅडम आल्या नव्हत्या. मावशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. हात गळ्यात अडकवलेला. समोरच्या वकिलानं कागद पुढं केला आणि बॅगेतून शाईचा पॅड काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"काय लिवलंय ते आदी वाचा," मावशी म्हणाल्या.

"आजी, तुमच्या फायद्याचंच आहे सगळं."

"वाचा तरी."

वकीलबाईंनी वाचायला घेतलं. तिसऱ्या की चौथ्या ओळीत आलं: सदर महिला नशेच्या अमलाखाली असल्याचे समजते, तथापि माणुसकीच्या दृष्टीने... वकीलबाई थांबल्या. म्हणाल्या, "हे आपल्यात ठरलं नव्हतं."

तो म्हणाला, "समजते, असं लिहिलंय. आहेच, असं कुठं म्हटलंय? अशिलाचा आग्रह आहे. आणि पैसे तर देतोच आहोत."

मी बोलणार होते. मावशींनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "ती ओळ काढ. नायतर तुजं पैसं घिऊन जा."

"आजी, एका ओळीसाठी..."

"माज्या नातींची लग्नं व्हायचीत. हा कागद उद्या कोन पन काढंल. काढ ती ओळ."

सून काही तरी पुटपुटली, मावशींनी तिच्याकडं बघितलंही नाही. तो बाहेर जाऊन फोनवर बोलून आला, कपाळाला आठ्या घालून. वकीलबाईंच्या कॉम्प्युटरवर ती ओळ निघाली, कागद नवा छापला. पुन्हा वाचून झाला. माणुसकीही त्यातून गेली होती, ते बरंच झालं. मग त्यानं पॅड उघडून पुढं सरकवला. "इथं अंगठा."

"अंगठा नाय. मी सही करते. बचत गटात करते मी." त्यांनी पेन डाव्या हातात धरला. डाव्या हातानं त्यांनी कधी लिहिलेलं नव्हतं. एक अक्षर काढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्या पोरानं दोनदा घड्याळ बघितलं. कुणी त्यांना घाई केली नाही. आडनाव कागदाच्या कडेपर्यंत गेलं आणि खाली वळलं, पण वाचता येत होतं.

बाहेर आल्यावर स्टेशनाजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. माझा राग अजून उतरला नव्हता, आणि तो आजही उतरलेला नाही. खोपोलीकडं मला दुसरं काम मिळालं आहे. त्याच धंद्यात, यंत्रांच्या पोटातलं. मावशींचं मनगट वाकडं बसलं, कपडे पिळता येत नाहीत त्यांना. बंगल्यात आता त्या खड्ड्यावर काच टाकली आहे, असं राखणदार सांगत होता. पाहुणीच्या लहान मुलाचा पाय जाता जाता वाचला म्हणून. तेव्हा कुठं टाकली.

टपरीवर मावशींनी बशीतला चहा संपवला. मग मला विचारलं, "का गं बाय, मी पीत नाय हे लिवून घ्यायला येवढी मानसं लागतात?"

मी चहाचे पैसे दिले. सुनेनं त्यांचा पदर सारखा केला आणि आम्ही रिक्षा बघायला लागलो.